कॉलेजच्या रनिंग बॅकचं करिअर वाचायचं कसं? यार्ड एक सांगतात, ड्राफ्ट दुसरंच

चौथा_डाउन

मंडळी, अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे नियम, फॉर्मेशन, डाउन-यार्डांचं गणित (चार डाउन, म्हणजे चार प्रयत्नांत, १० यार्ड) ठाऊक आहे असं धरून चाला. गाडी अडते ती रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूच्या, कारकिर्दीपाशी. आकडे आणि बाजारातली किंमत यांचा मेळच बसत नाही.

जोनाथन टेलर, विस्कॉन्सिन, २०१७ ते २०१९: ९२६ कॅरी (चेंडू घेऊन धावायच्या खेपा), ६,१७४ यार्ड. २०२० च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू फेरी-फेरीने निवडतात तो) ४१वा. जॉश जेकब्ज, अलाबामा, २०१६ ते २०१८: तीन वर्षांच्या मिळून २५१ कॅरी, १,४९१ यार्ड, म्हणजे टेलरच्या कुठल्याही एका हंगामापेक्षा कमी. तरी तो पहिल्या फेरीत, २४वा. केव्हिन स्मिथने सेंट्रल फ्लोरिडाकडून २००७ साली एकाच हंगामात ४५० कॅरी करून २,५६७ यार्ड काढले, आणि गेला तिसऱ्या फेरीत.

विचारायचंय ते असं: बॅकच्या आकड्यांतलं खरं काय आणि फुगवलेलं काय? स्काउट (संघांसाठी खेळाडू हेरणारे) टेपवर, म्हणजे सामन्यांच्या चित्रफितीत, नेमकं काय शोधतात? तिसऱ्या वर्षानंतर निघावं की चौथं खेळावं? आणि बॅरी सँडर्स (१९८८) विरुद्ध ॲश्टन जेंटी (२०२४), कुणाचा हंगाम मोठा, हा वाद कसा सोडवायचा? "सँडर्सच्या वेळचा खेळच वेगळा होता" एवढ्यावर सोडून देऊ नका, प्लीज.


हॅशमार्क

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे.

सँडर्स, ओक्लाहोमा स्टेट, १९८८: ११ सामने, ३४४ कॅरी, २,६२८ यार्ड. जेंटी, बॉइझी स्टेट, २०२४: १४ सामने, ३७४ कॅरी, २,६०१ यार्ड. सामन्यामागे २३९ आणि १८६, कॅरीमागे ७.६ आणि ७. मुद्दा असा की बोल गेमचे (हंगामानंतरच्या खास सामन्यांचे) आकडे हंगामाच्या बेरजेत धरायला एनसीएएने (कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने) २००२ पासून सुरुवात केली आणि आधीच्या खेळाडूंना तो हिशेब मागे जाऊन लावला नाही. सँडर्सने त्या वर्षी हॉलिडे बोलमध्ये वायोमिंगविरुद्ध आणखी २२२ यार्ड काढले होते. ते मिळवले तर १२ सामन्यांत २,८५०. म्हणजे जेंटीला प्लेऑफमधल्या पेन स्टेटच्या सामन्यात जो विक्रम २७ यार्डांनी हुकला, तो मुळात अर्धवट मोजलेला विक्रम होता. जेंटीचा हंगाम त्याने लहान होत नाही, पण तुलना करायची तर ही बेरीज आधी करावी.

कारकिर्दीच्या विक्रमाचंही तेच. डॉनेल पम्फ्री, सॅन डिएगो स्टेट, ६,४०५ यार्ड, २०१६ साली अव्वल. रॉन डेन, विस्कॉन्सिन, १९९६ ते १९९९, अधिकृत ६,३९७. पण डेनच्या चार बोल गेमचे ७२८ यार्ड बाहेर ठेवलेत. ते धरले की ७,१२५. आठ यार्डांनी मागे असलेला माणूस प्रत्यक्षात सातशे यार्डांनी पुढे आहे.

आता फुगवटा. पहिली गोष्ट सरासरी. समजा एका बॅकने २० कॅरींत १४० यार्ड काढले. सरासरी ७, पेपरात कौतुक. पण त्यात एक धाव ७५ ची, एक ३५ ची असेल तर उरलेल्या १८ कॅरींत फक्त ३० यार्ड. म्हणजे तो बहुतेक वेळा संघाला दुसऱ्या डाउनला ८ यार्ड बाकी अशा खड्ड्यात टाकत होता. म्हणून यशाचं प्रमाण बघा. रूढ मोजणी अशी: पहिल्या डाउनला हव्या असलेल्या यार्डांपैकी निम्मे, दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण. तेवढे मिळाले तर कॅरी यशस्वी. ज्याची सरासरी ५ पण यश निम्म्याहून जास्त वेळा, तो बॅक सरासरी ७ वाल्यापेक्षा प्रशिक्षकाला जवळचा वाटतो.

दुसरी गोष्ट, यार्ड कुणाचे? ऑफेन्सिव्ह लाइनने (पुढे उभं राहून वाट मोकळी करणाऱ्या फळीने) आयते दिलेले वेगळे काढा आणि पहिल्या धडकेनंतर बॅकने स्वतः ओढलेले वेगळे. बचावात सहाच जण बॉक्समध्ये (लाइनजवळच्या पट्ट्यात) असताना काढलेले ८ यार्ड आणि आठ जण असताना काढलेले ३ यार्ड, यांत दुसरे महाग.

तिसरी गोष्ट टीव्हीवर दिसते, पण तिच्याकडे कुणी बघत नाही. मैदानाची रुंदी दोन्हीकडे सारखीच, १६० फूट. पण कॉलेजमध्ये दोन हॅशमार्कांमधलं (चेंडू ज्यांच्या दरम्यान ठेवतात त्या खुणांच्या ओळींमधलं) अंतर ४० फूट आणि एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच. कॉलेजमध्ये चेंडू डाव्या हॅशवर असेल तर डावीकडे ६० फूट आणि उजवीकडे तब्बल १०० फूट. वेगवान पोरगा त्या मोकळ्या बाजूला वळसा घालून शंभर-सव्वाशे यार्ड गोळा करतो. एनएफएलमध्ये चेंडू जवळजवळ मधोमध ठेवला जातो, आणि ते रान गायब. त्यामुळे टेप बघताना रुंद बाजूचे वळसे बाजूला काढून ठेवा आणि आतल्या धावा मोजा. कित्येकांचा खरा हंगाम तेव्हा कळतो.

जाता जाता: कॉलेजमध्ये सॅकचे (पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकायच्या आधीच पाडलं की जाणारे) उणे यार्ड धावांच्या खात्यात जातात, एनएफएलमध्ये पासच्या. म्हणून "संघाची धावसरासरी कमी, तरी बॅक एवढा भारी" हे विधान कॉलेजमध्ये बऱ्याचदा पोकळ असतं. क्वार्टरबॅक मार खातोय एवढाच त्याचा अर्थ.


खिंडार

टेपवर काय बघतात, ते मी घेतो.

इनसाइड झोनपासून, म्हणजे लाइनच्या मधून मारायच्या धावेपासून. शॉटगनमध्ये (क्वार्टरबॅक लाइनपासून काही यार्ड मागे) बॅक क्वार्टरबॅकच्या शेजारी किंवा अर्धं पाऊल मागे. चेंडू हातात आला की रोख सेंटर आणि गार्ड या मधल्या लाइनमनांमधल्या फटीवर, मग त्या बाजूचा पहिला बचाव लाइनमन वाचायचा. तो आत सरकला तर बाहेर, बाहेर सरकला तर आत किंवा मागे. हे सगळेच सांगतात. खरी परीक्षा आहे दाबण्याची. वळण घ्यायच्या आधी बॅकला स्वतःच्या लाइनच्या टाचांपर्यंत, अगदी यार्डभर अंतरावर, सरळ जावं लागतं. का? समोर दोन ब्लॉकर मिळून एका लाइनमनला ढकलतायत आणि त्यांतल्या एकाने सुटून लाइनबॅकरवर (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या माणसावर) जायचंय. लाइनबॅकर फटीत शिरेपर्यंत तो सुटू शकत नाही. बॅक लवकर वळला तर लाइनबॅकर जागेवरून हललेलाच नसतो, ब्लॉकर अजून जोडीत अडकलेला असतो, आणि धाव दोन यार्डांत मिटते. पडद्यावर वाटतं लाइनने मार खाल्ला. चूक बॅकची असते.

आउटसाइड झोनमध्ये (बाहेरच्या बाजूच्या धावेत) रोख टाइट एंडच्या (लाइनच्या टोकाला उभ्या खेळाडूच्या) बाहेरच्या कुशीवर. वाटा तीन: बाहेर पूर्ण वळसा, सरळ घुसणं, किंवा मागे कापणं. पाय एकदाच रोवायचा. तीन-चारदा नाचणारा बॅक दुबळ्या संघांविरुद्ध क्लिपा बनवतो, चांगल्या बचावासमोर तेवढ्या वेळात मागून पकडला जातो.

पॉवर आणि काउंटर वेगळ्या जातीच्या धावा. इथे गार्ड (काउंटरमध्ये बहुधा गार्ड आणि टॅकल दोघं) दुसऱ्या बाजूने ओढत येतात. इथे गुण धीराचा. ओढत येणाऱ्याच्या पुढे बॅक निघून गेला की ज्याला तो अडवणार होता तोच याला पाडतो. झोनमध्ये वाढलेल्या पोरांची ही ठरलेली चूक.

चेंडू धरणं. दाबाच्या पाच जागा: टोकावर बोटं, तळहात, कोपरापर्यंतचा हात, दंड, बरगडी. मनगट कोपराच्या वर. चेंडू नेहमी बाहेरच्या हातात, म्हणजे साइडलाइनकडच्या. टेप थांबवून बघा: पळताना चेंडू आणि बरगडी यांच्यामधून उजेड दिसला तर तो आज ना उद्या सुटणारच. सुटायची जागाही ठरलेली: पहिल्या टॅकलरला झटकून टाकल्यावर, तोल सावरायला तोच हात बाहेर पडतो तेव्हा. दुसरा टॅकलर मागून त्याच हातावर ठोसा मारतो. टेलरच्या किमतीचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. तीन वर्षांत १८ फंबल (हातून सुटलेले चेंडू), म्हणजे ढोबळमानाने दर ५१ कॅरींमागे एक. शिवाय तीन हंगामांत झेल फक्त ४२. जेकब्जचे झेल ४८, तेही पाव भागाएवढ्या कॅरींसोबत.

आणि रीड-ऑप्शनमधला (चेंडू बॅकला द्यायचा की स्वतःकडे ठेवायचा हे क्वार्टरबॅक ऐन वेळी ठरवतो त्या डावातला) हँडऑफ. क्वार्टरबॅक चेंडू बॅकच्या पोटाशी धरून बचावाचा शेवटचा माणूस वाचतोय. बॅकने आतल्या बाजूचं कोपर वर, दुसरा हात खाली असा खिसा करायचा आणि चेंडूवर हलका दाब ठेवायचा, आवळायचा नाही. क्वार्टरबॅकने सोडला की मग आवळायचा. घाईत आवळला की दोघं ओढाओढ करतात आणि चेंडू जमिनीवर. असा फंबल कुणाच्या नावावर लागलाय यावर जाऊ नका, कोपर बघा.

पास प्रोटेक्शनबद्दल (पास फेकेपर्यंत क्वार्टरबॅकला वाचवण्याबद्दल) लिहायला बसलो तर रात्र जाईल. पण पहिल्या फेरीतला बॅक आणि तिसऱ्या फेरीतला बॅक यांत फरक पडतो तो तिथेच.


चौथा_डाउन

@हॅशमार्क, डेनचं गणित डोक्यात कधी आलंच नव्हतं. धन्यवाद.

@खिंडार, रात्र जाऊ द्या, पण प्रोटेक्शनचं लिहाच. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो, मग हे घरबसल्या कसं ओळखायचं? लाथाबुक्की चालू आहे एवढंच कळतं.


खिंडार

घ्या मग.

नेहमीची मांडणी अशी: लाइन एका बाजूला सरकते आणि दुसऱ्या बाजूचा लाइनबॅकर बॅकचा. लाइन डावीकडे गेली तर उजवीकडचा याचा. त्या बाजूने दोघं येण्याची शक्यता असेल तर आतून बाहेर वाचायचं. आतला आधी, कारण क्वार्टरबॅकपर्यंतची त्याची वाट सगळ्यात आखूड. बाहेरचा मोकळा सुटला तर क्वार्टरबॅकने लवकर फेकायचं, ती त्याची जबाबदारी. बॅक बाहेरच्याकडे धावला आणि आतला घुसला, तर ते कुणालाच सावरता येत नाही.

मग अंगमेहनत. चेंडू सुटताच पुढे, लाइनच्या टाचांशीच त्याला गाठायचं. क्वार्टरबॅकच्या पायाशी वाट बघत थांबलेला बॅक धडक तिथेच घडवतो आणि फेकणाऱ्याला पुढचं पाऊल टाकायला जागा उरत नाही. पास उंच जातो, समालोचक क्वार्टरबॅकला नावं ठेवतात. पाय खांद्यांहून रुंद, गुडघे वाकलेले, हात आत घालून समोरच्याच्या छातीवर, नजर त्याच्या नंबरवर. डोकं खाली घातलं की संपलं: बचावपटू हात वरून फिरवून बाजूने निघून जातो. आणि झेप घेणारा बॅक एकदाच लागतो, पुढच्या वेळी समोरचा अर्धा क्षण थांबतो आणि हा जमिनीवर तोंडघशी.

घरबसल्या ओळखायची सोपी खूण सांगतो. तिसरं डाउन, ७ यार्ड बाकी, सामना अटीतटीचा. तुमचा १,५०० यार्डवाला मैदानात आहे की बाकावर? बाकावर असेल तर त्याच्याच प्रशिक्षकाने निकाल दिलाय. मैदानात असेल तर मैदानाच्या मागून घेतलेला रिप्ले येईपर्यंत थांबा. त्यात स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन खेळ सुरू होण्याच्या) आधी बॅक क्वार्टरबॅकशी बोलून कुणाकडे तरी बोट दाखवतो का, आणि चेंडू सुटल्यावर त्याचं पहिलं पाऊल पुढे पडतं की बाजूला, एवढ्या दोन गोष्टी बघा. पाऊल बाजूला पडलं म्हणजे त्याला माणूस सापडलेला नाही, तो शोधतोय.

ॲल्विन कमाराचं उदाहरण इथेच बसतं. अलाबामात रेडशर्ट (न खेळता ते वर्ष राखून ठेवणं), मग हचिन्सन कम्युनिटी कॉलेज, मग टेनेसीत दोन हंगाम, तिथे मिळून २१० कॅरी. पण झेल ७४. २०१७ साली तिसऱ्या फेरीत ६७वा गेला आणि त्याच वर्षी एनएफएलचा सर्वोत्तम नवा आक्रमक खेळाडू ठरला. कॅरी मोजणाऱ्यांच्या यादीत तो कुठेच नव्हता.


पाचवं_वर्ष

थांबावं की निघावं, यावर सगळे भावनेने बोलतात. आधी नियम बघू.

एनएफएलसाठी हायस्कूल संपून तीन वर्षं झालेली हवीत. कॉलेजात तीन हंगाम खेळलेले हवेत असं नव्हे. त्यामुळे पहिलं वर्ष रेडशर्ट करून दोनच हंगाम खेळलेला पोरगाही, कागदावर सोफोमोर (दुसऱ्या वर्षाचा) असला तरी, जाऊ शकतो. हा नियम मोडायचा प्रयत्न मॉरिस क्लॅरेटने केला. ओहायो स्टेटकडून २००२ साली पहिल्याच वर्षी १,२३७ यार्ड आणि राष्ट्रीय विजेतेपद, पुढच्या वर्षी निलंबन, मग एनएफएलवर खटला. फेब्रुवारी २००४ मध्ये खालच्या कोर्टात जिंकला, मे महिन्यात अपील कोर्टाने निकाल फिरवला. (तो निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर, पुढे सुप्रीम कोर्टात गेल्या त्याच.) दोन वर्षं न खेळता २००५ च्या ड्राफ्टमध्ये १०१वा, आणि नियमित हंगामाचा एकही सामना नाही.

आता पैशाचं घड्याळ. ड्राफ्ट झालेल्याचा पहिला करार चार वर्षांचा आणि रक्कम निवडीच्या क्रमांकाला बांधलेली. पहिल्या फेरीतल्यावर संघाला पाचव्या वर्षाचाही हक्क. म्हणजे २१ व्या वर्षी गेलेला पोरगा २५-२६ ला दुसऱ्या कराराशी पोचतो, २२ ला गेलेला २६-२७ ला. इतर जागांवर हे एक वर्ष फारसं जाणवत नाही. रनिंग बॅकला दुसरा मोठा करार देताना संघ आधीच हात आखडतात, त्यात हे एक वर्ष खूप जड पडतं.

म्हणून प्रश्न "आणखी किती यार्ड काढेन" हा नाहीच. टेपवर एखादं भोक आहे का आणि ते एका वर्षात बुजवता येईल का, एवढंच विचारायचं. दोन उदाहरणं शेजारी ठेवा.

ब्राइस लव्ह, स्टॅनफर्ड, २०१७: २६३ कॅरी, २,११८ यार्ड, हाइसमनमध्ये (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या पुरस्कारात) दुसरा. परत आला. २०१८ मध्ये घोट्याचं दुखणं, १६६ कॅरींत ७३९ यार्ड, आणि हंगामाच्या शेवटी गुडघ्याचा लिगामेंट तुटला. चौथी फेरी. धावण्याबद्दल त्याला काही सिद्ध करायचं उरलं नव्हतं, गमावायचं मात्र सगळं होतं.

ट्रॅव्हिस एटिएन, क्लेमसन: २०१९ मध्ये १,६१४ यार्ड, तरी थांबला. २०२० मध्ये यार्ड घसरून ९१४. आकडेवाले म्हणाले चुकलं. पण झेल बघा: २०१८ मध्ये १२, मग ३७, मग ४८. पहिल्या फेरीत २५वा. त्याच ड्राफ्टमध्ये त्याच्या एक जागा आधी अलाबामाचा नाजी हॅरिस, तोही चौथं वर्ष थांबलेला, त्याचेही झेल २७ वरून ४३.

निर्णयाआधी एनएफएलच्या सल्लागार समितीकडे अर्ज करता येतो. उत्तर तीनपैकी एक: पहिली फेरी, दुसरी फेरी, किंवा कॉलेजात राहा. तिसरं उत्तर म्हणजे "तिसऱ्या ते सातव्या फेरीत कुठेही, किंवा कुठेच नाही". घरचे लोक त्याचा अर्थ "तिसरी फेरी" असा घेतात, ही नेहमीची फसगत.

दुखापतीचा विषय निघालाच आहे तर मार्कस लॅटिमोर, साउथ कॅरोलिना. २०१० ला पहिल्या वर्षी १,१९७ यार्ड, २०११ ला एक गुडघा, ऑक्टोबर २०१२ मध्ये टेनेसीविरुद्ध दुसरा गुडघा निखळला. चौथ्या फेरीत सॅन फ्रान्सिस्कोने घेतला, २०१४ मध्ये एकही सामना न खेळता निवृत्त. तीन वर्षांचा नियम नसता तर तो पहिल्या दुखापतीआधीच निघाला असता, असं म्हणायला जागा आहे.


हॅशमार्क

@पाचवं_वर्ष, नियमांबद्दल वाद नाही. पण "कॅरी म्हणजे झीज" हे तुमच्या बोलण्यात आडून येतंय, ते मला पटत नाही. डेरिक हेन्री, अलाबामा, २०१५: ३९५ कॅरी, २,२१९ यार्ड. ऑबर्नविरुद्ध ४६ कॅरी, लगेच पुढच्या शनिवारी फ्लोरिडाविरुद्ध ४४. त्या वेळी सगळे म्हणत होते पोराला पिळून काढला. दुसऱ्या फेरीत ४५वा गेला, आणि २०२० साली एनएफएलमध्ये २,०२७ यार्ड. टेलरच्या ९२६ कॅरींचंही तेच, २०२१ मध्ये १,८११ यार्ड काढून लीगमध्ये पहिला. कॅरींचा आकडा हा स्काउटांचा आळस आहे.


पाचवं_वर्ष

हेन्री २४७ पौंडांचा आहे हो. त्याच्याकडे बघून २०० पौंडी पोरांना धीर देऊ नका. :)

शिवाय हेन्रीचा पूर्ण हिशेब बघा: कॉलेजच्या पहिल्या वर्षी ३५ कॅरी, दुसऱ्या वर्षी १७२, मग ३९५. आणि एनएफएलमध्ये पहिली दोन वर्षं डीमार्को मरेच्या मागे, ११० आणि १७६. म्हणजे एक प्रचंड हंगाम आणि दोन्ही बाजूंना विश्रांती. टेलरचा मुद्दा मान्य, तिथे तुमचं बरोबर आहे. मी कॅरी मोजतो त्या कुठल्या प्रकारच्या होत्या ते बघूनच. संघ ३० गुणांनी पुढे असताना साइडलाइनबाहेर संपलेली धाव आणि तिसऱ्या डाउनला १ यार्डासाठी ढिगाऱ्यात मारलेली धाव, दोन्ही कागदावर एकच.


चौथा_डाउन

शेवटचं विचारतो. रेडशर्ट आणि पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी). हल्ली प्रत्येक जण दोन-तीन कॉलेजं फिरून येतो. बॅकसाठी हे बरं की वाईट?


पाचवं_वर्ष

रेडशर्ट: २०१८ पासूनचा नियम असा की ४ सामन्यांपर्यंत खेळलं तरी ते वर्ष खर्ची पडत नाही. नवख्या बॅकला हे चार सामने कुठले द्यायचे ही प्रशिक्षकाची खरी कसरत. सप्टेंबरमध्येच दुबळ्या संघांवर उधळले की नोव्हेंबरमध्ये पहिल्या दोन बॅकना दुखापत झाल्यावर हात बांधले जातात. पाचवा सामना खेळवला की वर्ष गेलं.

पोर्टल ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालं. एकदा बदली करून लगेच खेळायची मुभा एप्रिल २०२१ मध्ये, स्वतःचं नाव आणि प्रसिद्धी वापरून पैसे कमवायची जुलै २०२१ मध्ये, आणि जून २०२५ च्या हाउस खटल्याच्या (कॉलेज खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या) तडजोडीनंतर कॉलेज थेट पैसे देऊ लागलं. २०२५-२६ साठी सगळ्या खेळांना मिळून कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. फुटबॉलच्या संघात जास्तीत जास्त १०५ जण. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या फेरीच्या बॅकला थांबणं पूर्वीइतकं तोट्याचं राहिलेलं नाही, हे मी वर लिहायला हवं होतं.

खाचखळगे दोन. एक अभ्यासाचा: तिसरं वर्ष सुरू होताना पदवीचे ४० टक्के, चौथ्याला ६०, पाचव्याला ८० टक्के पूर्ण हवेत. नव्या कॉलेजने जुने क्रेडिट नाकारले की चांगला शिकणारा पोरगाही अपात्र ठरू शकतो. सही करण्याआधी क्रेडिटचा हिशेब लेखी घ्यावा, प्रशिक्षकाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये. दुसरा खळगा खिंडार सांगतील.


खिंडार

प्रोटेक्शनची हाकाटी. प्रत्येक संघात शब्द वेगळे, इशारे वेगळे. वसंतातला सराव चुकवून उन्हाळ्यात आलेला बॅक धावा पहिल्या दिवसापासून मारतो, पण स्नॅपच्या आधी लाइन काय ओरडतेय ते समजायला त्याला ऑक्टोबर उजाडतो. तोवर तिसऱ्या डाउनला तो बाकावर, आणि झेलही तिथेच बुडतात.

म्हणून संघ निवडताना मागच्या हंगामात त्यांच्या बॅकना किती झेल मिळाले ते आधी मोजावं. केनेथ वॉकर वेक फॉरेस्टहून मिशिगन स्टेटला आला, २०२१ मध्ये २६३ कॅरी, १,६३६ यार्ड, डोक वॉकर पुरस्कार (सर्वोत्तम बॅकचा). झेल १३. ड्राफ्टमध्ये ४१वा. जमीर गिब्ज जॉर्जिया टेकहून अलाबामाला आला, २०२२ मध्ये १५१ कॅरी, फक्त ९२६ यार्ड. झेल ४४. ड्राफ्टमध्ये १२वा.